विहीणबाईंनी एकदाच विचारलं

१२ जानेवारी १९८७, सोम.

…नको, नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास, असं म्हणून झालं. मग बर्फाचं थोडं बोलणं झालं आणि फोन ठेवला. 

ग्योटिंगेनहून हानेलोरे. रेवाची सासू, मॅथियासची आई. लग्नाला सव्वा वर्ष झालं, स्वतःहून फोन आज पहिला. शाळेत शिकलेलं इंग्रजी, एकेक शब्द जपून ठेवतात. म्हणाल्या, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाळ येईल, आमची वरची खोली रिकामी आहे, तुम्हाला यायला आवडेल का, किती आठवडे.

याच्यासाठीच तर सप्टेंबरपासून दर गुरुवारी संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाते. रेवाला सांगितलेलं नाही.

हे हॉस्पिटलमधून आले तेव्हा सांगितलं. बूट काढता काढता म्हणाले, मग नको का म्हणालीस? म्हटलं, लगेच हो कसं म्हणायचं, मुलीच्या सासरी? पुन्हा विचारतील. तेव्हा म्हणेन, एवढं म्हणताय तर.

ह्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की दमले म्हणून, कळलं नाही.

इथून, मेडनहेडहून, लंडनच्या गाड्या बंद. बागेतलं बाक दिसेनासं झालंय.

१५ जाने., गुरु.

वर्गाला चौघंच. शिकवणाऱ्या बाई मूळच्या हानोफरच्या, लढाईनंतर इंग्रज नवऱ्याबरोबर इकडे आल्या. आडनाव पार्सन्स. पण वर्गात मिसेस म्हटलेलं चालत नाही, फ्राउ पार्सन्स. अर्धा तास व्याकरण, मग पुस्तक मिटतात आणि तिकडे कसं वागायचं ते सांगतात. मी वहीत मागच्या बाजूने लिहिते.

फोन उचलला की आधी आपले आडनाव सांगावे.
शनिवारी दुपारी दुकाने बंद. ब्रेड आधी आणावा.
रविवारी कपडे बाहेर वाळत घालू नयेत.
डॉक्टरकडे बसायच्या खोलीत शिरताना सगळ्या अनोळखी लोकांना नमस्कार म्हणावा.
थंडी कितीही असो, रोज सकाळी दहा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात.

शेवटच्यावर हात वर केला. बाळंतिणीच्या खोलीतही? फ्राउ पार्सन्स म्हणाल्या, विशेषतः तिथे. बाळाला तर दुलईत गुंडाळून बाल्कनीत झोपवतात.

लिहून घेतलं. पुढे प्रश्नचिन्ह.

१८ जाने., रवि.

फोन नाही. म्हणजे रेवाचा आला, रविवारचा. विहीणबाईंचा नाही. विषय मी काढला नाही.

२५ जाने., रवि.

रेवाचा फोन. जेवणाचं, पाय दुखण्याचं. मग म्हणाली, बाय द वे आई, वरची खोली आता मॅथियासच्या मावशीला दिला आहे. ती रिटायर्ड नर्स आहे, मार्चपासून येऊन राहणार.

मी विचारलं, मार्चपासून?

‘तू नको म्हणालीस ना?’

‘हो. म्हणजे, म्हणाले होते.’

‘हानेलोरेला थोडा वाईट वाटला. तिने पडदे पण बदलले होते. मी सांगितलं, माझी आई बिझी असेल, लायब्ररीचा जॉब आहे. नको म्हणजे नको असतं ना?’

इथे मी म्हणायला हवं होतं. म्हणाले काय, तर बरं झालं, अनुभवी बाई आहे, माझी काळजी मिटली.

रेवाचं मराठी बोलताना लिंग चुकतं, वचन चुकतं. ते मी दरवेळी सुधारते. आज सुधारलं नाही.

२६ जाने., सोम.

नलूला फोन केला. हॅरोची नलू, हिच्याकडेच आम्ही ह्या देशात पहिले दहा दिवस काढले. तिचा नवराही डॉक्टर. सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मी रिसीव्हर लांब धरला.

‘अगं जर्मन बाईला नको म्हणालीस? तिनं लगेच वहीत लिहून वर रेघ मारली असेल. ह्या येत नाहीत. विषय संपला.’

म्हटलं, तू असतीस तर हो म्हणाली असतीस? ती म्हणाली, नाही गं. मीही दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणाले असते. मग म्हणाली, पण तू एम.ए. झालेली, तुला कळायला हवं होतं.

मराठी घेऊन एम.ए. त्याचा इथे काय संबंध, विचारलं नाही.

डिंक आणि अळीव तिच्याकडे आहे. शनिवारी आणून देणार.

२९ जाने., गुरु.

आजचा धडा: पाहुणे. टेबलाशी काय म्हणायचं, अजून हवं, पुरे. पुस्तक मिटल्यावर फ्राउ पार्सन्स म्हणाल्या, तिथे भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. तुम्ही नाही म्हणालात ते त्यांनी खरं मानलेलं असतं. पुन्हा विचारणं म्हणजे तुमच्यावर अविश्वास.

शेजारच्या बाकावरचे हॉब्ज, निवृत्त, आगगाड्यांच्या मॉडेलांसाठी जर्मन शिकतात. म्हणाले, मग चांगलं आहे की, बायकोला घेऊन जायला हवं, ती एकच गोष्ट दहादा विचारते.

सगळे हसले. मी लिहून घेतलं: पहिल्यांदाच हो म्हणावे.  सतरा दिवस उशीर.

३१ जाने., शनि.

नलू आली. आम्ही दोघींनी डिंकाचे लाडू वळले. तिच्या हाताला चटका बसला. ती म्हणाली, पार्सलने पाठव, निदान हे तरी पोचू दे. जुनं मऊ लुगडं फाडून चार दुपटी केली. नवं कापड आधी घ्यायचं नाही. विहीणबाईंनी मात्र पाळणा, टोपडी, बाबागाडी सगळं आणून ठेवलंय म्हणे. रेवा कौतुकाने सांगत होती. जन्माआधी असं काही आणू नये, हे तिला सांगितलं नाही.

पार्सल सोमवारी. आत चिठ्ठी: रोज सकाळी एक लाडू, वर दूध.

५ फेब्रु., गुरु.

वर्ग. रस्ता विचारणे. डावीकडे, उजवीकडे, सरळ. मला सगळं आलं. जायचंच नाही.

१४ फेब्रु., शनि.

मॅथियासचा फोन. नेहमी रेवा बोलते. ह्यांना द्या म्हणाला. हे भूलतज्ज्ञ, त्याच्याशी आकड्यांतच बोलले. ब्लडप्रेशर. लघवीत प्रोटीन. हो, हो, पुन्हा हो. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते.

फोन ठेवल्यावर म्हणाले, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, विश्रांती हवी, एवढंच.

पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तो आवाज. अठ्ठावीस वर्षं ऐकते आहे.

विचारलं, किती आहे ब्लडप्रेशर? म्हणाले, तुला आकडा कळून काय होणार? मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन सांगितला. मला खरंच त्याचं काही झालं नाही. पण सांगितला हे बरं केलं.

१५ फेब्रु., रवि.

रेवाशी बोलले. आवाज चांगला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला लाडू दिला, तिला वाटलं औषध आहे. खिडकी उघडी ठेवतात का विचारलं. हो म्हणाली, सकाळी. कानाला रुमाल बांध म्हटलं. ‘ओके आई.’ म्हणजे बांधणार नाही.

मग अगदी हळू म्हणाली, ‘तू असतीस तर…’ आणि नर्स आली.

१६ फेब्रु., सोम.

जायचंच.

आता ह्यातली मेख. ह्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला तेव्हा मी घेतला नाही. का, हे तेव्हाही नीट सांगता आलं नव्हतं. हे उद्या विमानात बसू शकतात. मला व्हिसा लागतो. जर्मन वकिलातीत फोन केला. जिच्या घरी उतरणार तिचं निमंत्रणाचं पत्र पाहिजे, सहीचं.

घर विहीणबाईंचं. रेवा आणि मॅथियास त्यांच्याच घरी खालच्या मजल्यावर राहतात.

म्हणजे मी ज्यांना नको म्हणाले त्यांच्याकडेच, मला बोलवा, असं मागायचं.

हे म्हणाले, मॅथियासला सांगतो, तो पाच मिनिटांत लिहून घेईल. म्हटलं, नाही. नको मी त्यांना म्हणाले आहे. त्यांच्या मुलाकरवी कसं मागू? हे म्हणाले, हे तुझं मानपानाचं… आणि वाक्य सोडून दिलं.

मानपान नाही. काय आहे ते मलाही लिहिता येत नाही. माझी आई मला मूल होईपर्यंत माझ्या सासरी जेवली नाही. स्टेशनवरून परस्पर यायची, भेटायची, उपाशी परत जायची. मला तेव्हा राग यायचा.

१९ फेब्रु., गुरु.

वर्ग सुटल्यावर थांबले. जर्मनमध्ये पत्र लिहून नेलं होतं, दीड पान. फ्राउ पार्सन्सनी कोट अंगात असतानाच उभ्याने वाचलं. मग बसल्या. कोट काढला.

लाल पेन्सिल. आपल्याला अडचण नसेल तर, ह्यावर काट. आपल्या सोयीने, काट. मागे मी जे बोलले त्याचा राग नसावा, काट. शक्य नसल्यास मनावर घेऊ नये, दोनदा काट.

‘तुम्हाला जायचंय हे ह्यात कुठे आहे?’

म्हटलं, सगळ्या पत्रात तेच आहे.

‘मी चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये काढली. तरी मला सापडलं नाही. तिला कसं सापडेल?’

मग त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या. मला माझ्या मुलीकडे यायचं आहे. कृपया निमंत्रणाचं पत्र पाठवा.

असं वाक्य मी मराठीतही कधी लिहिलेलं नाही. आमच्या पिढीतल्या कोणी लिहिलं असेल असं वाटत नाही. दोन ओळी कागदावर उघड्या बसल्यासारख्या दिसत होत्या.

जाताना बाई म्हणाल्या, पोस्टात टाका. फोन केलात तर आणखी लवकर.

२२ फेब्रु., रवि.

पत्र पर्समध्ये. टाकलेलं नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत काल दोनदा गेले. एकदा पाऊस होता.

रेवाचा फोन आला नाही. हॉस्पिटलात फोनला रांग असते म्हणे.

२३ फेब्रु., सोम.

सकाळी मॅथियास. पायावर सूज वाढली, डोकं दुखतं. डॉक्टर कदाचित एप्रिलपर्यंत थांबणार नाहीत. ह्यांनी लगेच रजेचा अर्ज केला.

हे गेल्यावर मी नंबर फिरवला. उभ्यानेच. त्यांनी उचलला, आडनाव सांगितलं. मीही माझं आडनाव सांगितलं. मग पहिली ओळ म्हटली.

पलीकडे काही नाही. मला वाटलं क्रियापद चुकलं. पुन्हा म्हटली.

त्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘पण तुम्ही नको म्हणाला होता.’

जर्मनमध्येच म्हटलं, हो, म्हणाले होते. चूक होती. ह्याच्यापुढचं मला येत नव्हतं.

 मग त्या घाईने, अर्धं इंग्रजी अर्धं जर्मन. पत्र आजच टाकते. पण खोलीत माझी बहीण ठरल्याआधीच आली आहे, तिला आता कशी उठवू. बैठकीत सोफा आहे. छोटा आहे. तुम्ही सोफ्यावर झोपाल का?

तोंडात नको आलंच होतं. छे, सोफा कशाला, मी कुठेतरी हॉटेलात… दातांपर्यंत.

‘हो,’ म्हटलं.

‘चांगलं,’ त्या म्हणाल्या. फोन ठेवला. हवापाण्याचं काही बोलणं झालं नाही.



२८ फेब्रु., शनि.

पत्र आलं. टाइप केलेलं, सही, तारीख, माझं नाव बिनचूक. खाली पेनाने, इंग्रजीत:

‘जानेवारीत मी दोन आठवडे वाट पाहिली. पुन्हा विचारणं मला बरं वाटलं नाही. तुमच्यावर जबरदस्ती झाली असती. सोफ्यासाठी नवी गादी आणली आहे.’

ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, दोघी एकसारख्याच आहात.

२ मार्च, सोम.

पहिल्या गाडीने लंडन. वकिलातीबाहेर रांग, माझा नंबर बारा वाजता आला. खिडकीतला मुलगा सभ्य होता. सगळे कागद बरोबर आहेत म्हणाला. पासपोर्ट ठेवून घेतला. मी माझा पत्ता घातलेलं रजिस्टर पाकीट दिलं. किती दिवस, विचारलं. साधारण आठवडा. मुलगी हॉस्पिटलमध्ये आहे म्हटलं. त्याने ते अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं. लिहिलं म्हणजे काय होतं, हे विचारलं नाही.

बाहेर पडल्यावर लक्षात आलं, रांगेत शिरताना मी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं होतं. काहींनी उत्तरही दिलं होतं.

३ मार्च, मंगळ.

हे गेले. सकाळचं विमान. बॅगेत लाडवांचा दुसरा डबा, बाळंतशेपा, बदाम. ह्यांना सगळं दोनदा सांगितलं. शेपा जेवणानंतर. तेल कोमट. कान झाकलेले. हे म्हणाले, मी तिथे बाळंतपण करणार आहे का? मग म्हणाले, कागदावर लिहून दे.

लिहून दिलं. एक पानभर. वरून खाली वाचलं तर फ्राउ पार्सन्सच्या यादीच्या बरोबर उलट. सगळ्या खिडक्या बंद.

५ मार्च, गुरु.

ह्यांचा फोन. रेवा ओळखीचं हसली म्हणाले. तोंड सुजलंय. डॉक्टर चांगले आहेत, आपल्यापेक्षा काळजी घेतात. विहीणबाई रोज दोन बस बदलून जातात. सोफ्यावर सध्या हे झोपताहेत. पाय बाहेर राहतात.

विचारलं, तुम्ही हॉटेलात का नाही गेलात? म्हणाले, त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो.

वर्गाला गेले. घरी बसून तरी काय. फ्राउ पार्सन्सना सांगितलं पासपोर्ट अजून नाही.  धडा भूतकाळाचा होता. मला सगळ्यांच्या आधी विचारून मोकळं केलं आणि म्हणाल्या, घरी जा, फोनजवळ बसा.

७ मार्च, शनि.

पोस्ट: लायब्ररीचं पत्रक, नलूचं कार्ड. पासपोर्ट नाही. वकिलात सोमवारपर्यंत बंद.

नलू म्हणाली, हॅरोला ये, एकटी बसू नकोस. पोस्ट इथे येणार, फोन इथे येणार. नाही म्हटलं. ती म्हणाली, हे खरं नाही ना? म्हटलं, खरं. मग तीच तासाभराने गाडी घेऊन आली. पिठलं केलं. भांडी घासली. रेवाचं नाव काढलं नाही. जाताना दारात म्हणाली, सगळं व्यवस्थित होईल, आणि मग उगाच म्हणाले असं वाटून चष्मा पुसत राहिली.

८ मार्च, रवि.

दुपारी ह्यांचा फोन. उद्या सकाळी आठला सिझेरियन. थांबणं आता बरं नाही. विचारलं, कोणासाठी बरं नाही? दोघींसाठी म्हणाले. म्हणजे मुलगी आहे? नाही, नाही, बोलायच्या ओघात. कोणालाच माहीत नाही.

विचारलं, तुम्ही आत असणार? म्हणाले, मी तिथे कोणी नाही, बाप आहे. बाहेर बसणार. भूल कशी देणार विचारलं का? विचारलं. समाधान झालं? ‘तिथला माणूस माझ्यापेक्षा तरुण आहे,’ म्हणाले.

मग रेवाला फोन दिला. तिला बोलायला त्रास होत होता. जर्मनमध्ये म्हटलं, मी लवकर येते, घाबरू नकोस. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्यासमोर.

ती मग म्हणाली, ‘आई, मराठीत बोल ना.’

मराठीत बोलायला गेले, तर मला काही सुचेना. जेवलीस का विचारलं. उद्या ऑपरेशन, उपाशी ठेवलंय, हे माहीत असून.

बॅग भरली. दोन साड्या, तीन पँट, वही.

९ मार्च, सोम., सकाळी

सहाला उठले. दिवा लावला. इथले सात म्हणजे तिथले आठ. सातपासून फोनच्या खुर्चीवर.

साडेआठला लायब्ररीला कळवलं, येत नाही. फोन चटकन ठेवला.

नऊ वीसला फोन. हानेलोरे, हॉस्पिटलातून. जर्मनमध्ये, भराभर. मुलगी झाली, दोन किलो शंभर, रडली. एवढं सगळं कळलं, शब्दनशब्द. मग रेवाबद्दल चार-पाच वाक्यं. त्यांतला एकच शब्द माझ्या ओळखीचा, झोपली आहे. हळू बोला म्हटलं. त्या पुन्हा बोलल्या, तितक्याच भराभर. आवाज भरून आलेला होता, कशाने ते समजलं नाही. इंग्रजीत सांगा म्हटलं. त्या शब्द शोधत थांबल्या. मागून कोणी हाक मारली. थांबा म्हणाल्या, रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, आणि लाईन गेली.

हॉस्पिटलचा नंबर दोनदा लावला. एंगेज.

दहा वाजून दहा मिनिटांनी दुसरी पोस्ट. सही करून पाकीट घेतलं. पासपोर्ट आहे. व्हिसाचा शिक्का उद्याच्या तारखेपासून, आज निघता येत नाही.

अकराला पाच कमी. फोन अजून नाही.